निर्गुडीची परीक्षा व्हावी

मा. अधिष्ठाता,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, बुलढाणा, यांचे सेवेशी,

सुलतानपूर, तालुका लोणार, येथून.

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आपले महाविद्यालय सुरू झाले आणि दुखणे बळावले की आजवर अकोल्याची किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरणाऱ्या या जिल्ह्याला स्वतःच्या हद्दीत वैद्यकीय विद्येचे पीठ लाभले, याचा आनंद मेहकर-लोणारकडच्या खेड्यांनाही झालेला आहे. रुग्णालयात खाटा किती, यंत्रे कोणती, तज्ज्ञांच्या किती जागा भरल्या आणि किती रिकाम्या, या विषयांवरील अर्ज-विनंत्या आपल्या दफ्तरी येतच असतील. त्या साऱ्या रास्त आहेत आणि त्यांत आणखी एकीची भर घालण्याचा माझा हेतू नाही. माझे मागणे निराळे आहे. ज्या मुलुखात एखादे महाविद्यालय उभे राहते त्या मुलुखातील माणसे आपल्या दुखण्यावर पिढ्यान्‌पिढ्या काय करीत आली, त्यातले खरे किती, निरुपयोगी किती आणि घातक किती, याचा छडा त्या महाविद्यालयाने लावावा, आणि त्याचा आरंभ अर्धशिशीपासून व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र मी जाहीरपणे लिहीत आहे. जाहीरपणे अशासाठी की, ज्यांच्याकडून ही माहिती गोळा करायची त्यांनाही ती कशासाठी विचारली जात आहे हे आधी ठाऊक असावे.

अर्धशिशी हे दुखणे बाहेरून दिसत नाही, ताप मोजता येतो तसे ते मोजता येत नाही, आणि त्याने सहसा कोणी दगावत नाही. म्हणूनच त्याची दाद लागत नाही. कपाशीच्या वेचणीहून किंवा सोयाबीनच्या सोंगणीहून भर उन्हातून परतलेली बाई चूल पेटवण्यापूर्वी डोळ्यांवर पदर ओढून अंधाऱ्या खोलीत पडून राहते, भाकरीच्या वासानेही तिला मळमळते, लेकरांचा आवाज सोसवत नाही, आणि घरातली माणसे 'तिचे अर्धे डोके उठले आहे' एवढे बोलून आपापल्या कामाला लागतात. पुढल्या पंधरवड्यात पुन्हा तेच होते आणि पुन्हा तेच बोलले जाते. ऊन, उपवास, अपुरी झोप, मासिक पाळी ही या व्याधीला चेतवणारी कारणे वैद्यकाने मान्य केलेली आहेत, आणि वऱ्हाडातल्या शेतमजूर बाईच्या वाट्याला ही चारही कारणे एकाच आठवड्यात येऊ शकतात. पुरुषांच्या मानाने स्त्रियांत हा विकार दुपटी-तिपटीने आढळतो. शेजारच्या कर्नाटक राज्यात घरोघर जाऊन केलेली आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी आहे. तीत वर्षभराच्या अवधीत शंभरांतल्या सुमारे पंचवीस प्रौढांना अर्धशिशीचा त्रास झाल्याचे आढळले. आपल्या जिल्ह्यातले प्रमाण त्याच्या जवळपास जरी निघाले, तरी क्षयाइतक्याच गांभीर्याने ज्याची नोंद व्हावी असा हा विकार ठरेल. पण कोणत्याही गावच्या आरोग्य-नोंदवहीत त्याला रकाना नाही.

मग ही माणसे करतात काय? ओढ्याकाठी, बांधावर, कुंपणाला जे उगवते ते वापरतात. निर्गुडीचा पाला गरम करून कपाळाला बांधतात, तिच्या पानांची वाफ घेतात, वाळलेली पाने उशीत भरतात. सुंठ किंवा वेखंड सहाणेवर उगाळून त्याचा लेप देतात. एरंडाच्या पानाला तेल लावून ते शेकतात. कुंभ्याच्या पाल्याचा रस ज्या बाजूचे डोके दुखते तिच्या विरुद्ध नाकपुडीत थेंब-थेंब सोडतात. कोणी सूर्योदयापूर्वी दुधात जिलेबी कुस्करून खायला सांगतो. आणि सांधे किंवा कंबर धरली तर बिब्याची फुली घालतात. या उपायांकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्या समाजात रूढ आहेत. पूर्वजांनी सांगितले म्हणून ते सारे अमृत, ही एक. अडाण्यांचे म्हणून ते सारे थोतांड, ही दुसरी. या दोन्ही रीती सोयीच्या आहेत, कारण दोहोंतही परीक्षा करण्याचे श्रम वाचतात. आणि दोहोंमुळे दुखणाऱ्या डोक्याचे नुकसान सारखेच होते.

वास्तविक, ज्यांच्या नावाने हे उपाय सांगितले जातात ते प्राचीन वैद्य परीक्षेच्या बाबतीत आपल्याहून कितीतरी दक्ष होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग वेगवेगळे करून सांगितले आहेत. सूर्य चढेल तशी चढणारी आणि सूर्य ढळेल तशी उतरणारी वेदना ती 'सूर्यावर्त' या नावाने निराळी काढलेली आहे. अर्ध्या मस्तकात उठणारी, पंधरा किंवा दहा दिवसांनी उलटणारी वेदना ती 'अर्धावभेदक' म्हणून दुसरी. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात मान, भुवई, शंख, कान, डोळा आणि ललाट यांच्या एकाच बाजूला पसरणाऱ्या तीव्र वेदनेचे जे वर्णन आहे, ते आजच्या मज्जासंस्थेच्या तज्ज्ञापुढे ठेवले तरी रोगाचे निदान करण्यास त्याला फारसे अडखळावे लागणार नाही. रोगाला पाळी आहे, त्याला बाजू आहे, त्याला काळ आहे, हे ज्यांनी शेकडो रुग्णांजवळ बसून टिपले, त्यांच्या वारसांनी रुग्णाजवळ बसून टिपण्याचे काम सोडून द्यावे आणि नुसती पाने तेवढी जतन करावीत, ही त्या परंपरेशी झालेली मोठी फारकत होय.

'मला गुण आला' ही रुग्णाची साक्ष प्रामाणिक असते, यात मला तिळमात्र शंका नाही. परंतु अर्धशिशीच्या बाबतीत ती साक्ष पुराव्यास अपुरी पडते, आणि ती का अपुरी पडते हे गावकऱ्यांना समजावून सांगणे हेच आपल्या विद्यार्थ्यांचे पहिले काम व्हावे. औषध न घेताही अर्धशिशीचा झटका चार तासांपासून बहात्तर तासांपर्यंत राहून आपोआप ओसरतो. म्हणजे त्या अवधीत जो उपाय केला जाईल त्याच्या पदरी यश आपसूक पडणारच. रुग्ण उपाय शोधायला निघतो तोही त्रासाचा कळस झाल्यावर, आणि कळसानंतर उतार हा निसर्गक्रमच आहे. शिवाय औषधद्रव्य मुळीच नसलेली, केवळ औषधासारखी दिसणारी गोळी (प्लासिबो) दिली असताही दोन तासांत शंभरांतल्या सुमारे तीस रुग्णांचे डोके हलके होते, हे आधुनिक चाचण्यांत वारंवार दिसून आलेले आहे. पहाटे दूध-जिलेबी खाणाऱ्यांपैकी कित्येकांचे डोके खरोखरच थांबत असेल. परंतु ते जिलेबीने थांबले, उपाशीपणा मोडल्याने थांबले, विश्वासाने थांबले की केवळ वेळ झाली म्हणून थांबले, हे चार निराळे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे तुलनेवाचून मिळत नाहीत.

तुलना करून पाहिल्यावर काय घडते, याचे इतिहासात दाखले आहेत. १७६३ साली एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने विलो झाडाच्या सालीचे चूर्ण तापकऱ्यांना देऊन आलेला अनुभव लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्राने कळवला. त्या सालीतून पुढे सॅलिसिन निघाले, १८९७ साली बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन याने त्याच घराण्यातले ॲसेटिल सॅलिसिलिक आम्ल शुद्ध स्वरूपात सिद्ध केले, आणि ॲस्पिरिन जन्माला आले. त्या विलोचीच एक जात, वाळुंज, आपल्या नद्यांकाठीही उगवते. राय नावाच्या धान्याच्या कणसांवर वाढणारी अर्गट ही बुरशी मध्ययुगीन युरोपात हातपाय झडवणाऱ्या साथींना कारण झाली. तिच्यातून १९१८ साली आर्थर स्टॉल याने अर्गोटामीन वेगळे केले आणि ते अनेक दशके अर्धशिशीवरचे प्रमुख औषध होऊन बसले. विष आणि औषध यांच्यामध्ये मात्रेचे आणि शुद्धतेचे जे अंतर असते ते मोजण्याची सोय झाली म्हणूनच हे घडू शकले.

याच्या उलट बाजूचा दाखला मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे तो कोणी सांगत नाही. बटरबर ही युरोपातली मोठ्या पानांची वनस्पती. तिच्या मुळांचा अर्क अर्धशिशीचे झटके कमी करतो असे चांगल्या रीतीने केलेल्या चाचण्यांत दिसले, आणि २०१२ साली अमेरिकेतील मज्जारोगतज्ज्ञांच्या अकादमीने त्याला आपल्या मार्गदर्शिकेत अगदी वरच्या प्रतीची शिफारस दिली. परंतु त्या वनस्पतीत यकृताला इजा करणारे अल्कलॉइडही असतात. अर्क काढताना ते काढून टाकावे लागतात, आणि ते काढल्याचा दावा असलेली औषधे घेणाऱ्यांतही यकृताच्या विकाराच्या तक्रारी पुढे आल्या. २०१५ साली अकादमीने ती मार्गदर्शिका मागे घेतली. गुणकारी ठरलेली वनस्पतीही निर्धोक ठरेलच असे नाही, आणि दिलेली शिफारस परत घेण्यास शास्त्राला कमीपणा वाटत नाही, या दोन्ही गोष्टी या एका प्रकरणात आहेत. शेवंतीच्या कुळातल्या फीवरफ्यू या झाडाची गत आणखी वेगळी झाली. त्याची कीर्ती मोठी. पण त्यावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या असता, त्यांतल्या सर्वांत मोठ्या चाचणीत प्लासिबोच्या तुलनेत महिन्याकाठी सरासरी ०.६ झटका तेवढा कमी झालेला आढळला. पूर्ण एक झटकाही नव्हे. तरीही महिन्यातून पाच झटके सोसणारीला तो थोडा उतार हवासा वाटेल, आणि तो हवा की नको हे ठरवण्याचा अधिकार तिला मिळाला तो त्या आकड्यामुळे.

वेदनेच्या शास्त्राला आपल्या स्वयंपाकघरातल्या पदार्थानेही एक मोठे दार उघडून दिलेले आहे. मिरचीतील कॅप्सेसिन जिभेला आणि कातडीला जे भाजते ते मज्जातंतूवरील कोणत्या ग्राहकामुळे (रिसेप्टरमुळे), याचा शोध डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली लावला. चटका देणारी उष्णता आणि मिरचीचा तिखटपणा हे दोन्ही मज्जातंतूच्या एकाच दारातून आत शिरतात, असे त्यातून निष्पन्न झाले, आणि २०२१ चे नोबेल पारितोषिक ज्युलियस यांना त्या कामासाठी मिळाले. ते दार वारंवार ठोठावले की काही काळ बधिर होते. म्हणूनच कॅप्सेसिनचे मलम आणि पट्ट्या आज मज्जातंतूंच्या दुखण्यावर वापरतात. वेदनेच्या जागी तिखट, उष्ण, झोंबणारे काही लावावे, या आपल्या आजीबाईंच्या प्रवृत्तीमागे काही तत्त्व असू शकेल असा संशय घेण्यास त्यामुळे जागा झाली आहे. संशयापलीकडे जायचे तर प्रयोग हवा.

आणि असा प्रयोग महाराष्ट्राला अपरिचित नाही, हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मुंबईचे कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी मेजर बामनदास बसू यांच्यासह भारतीय औषधी वनस्पतींचा जो सचित्र महाग्रंथ सिद्ध केला तो १९१८ साली, कीर्तिकरांच्या निधनानंतर, प्रकाशात आला आणि आजही वनस्पती ओळखताना अभ्यासकांना त्याचा आधार घ्यावा लागतो. डॉ. वामन गणेश देसाई यांच्या 'औषधिसंग्रहा'ने तेच ज्ञान मराठी वाचकाच्या हाती दिले. १९४९ साली डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात रक्तदाब वाढलेल्या पन्नास रुग्णांना सर्पगंधेच्या मुळांचे औषध देऊन त्यांचा रक्तदाब पद्धतशीरपणे मोजला आणि ते निष्कर्ष ब्रिटनच्या हृदयविज्ञानाच्या नियतकालिकात छापले. तीनच वर्षांत त्या मुळातून रेसरपिन वेगळे झाले आणि रक्तदाबाच्या उपचाराची दिशा पालटली. सर्पगंधा या देशाला शतकानुशतके माहीत होती. जगाला ती माहीत झाली ती पन्नास रुग्ण, एक रक्तदाबमापक आणि नीट लिहिलेल्या नोंदी यांमुळे. पुढे त्याच के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेदीय औषधांच्या शास्त्रीय संशोधनाची परंपरा उभी केली, आणि त्या विषयावर मराठीतून लिहिण्याचेही अगत्य राखले.

वेदनेच्या बाबतीत तर सर्वांत जवळचा दाखला पुण्याचा आहे. संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी गुडघ्यांच्या झिजेने पीडलेल्या ४४० रुग्णांची चाचणी केली. सुंठ, गुळवेल, आवळा आणि त्यांच्या जोडीला शल्लकी किंवा गुग्गुळ यांचे अर्क एका बाजूस, आणि ग्लुकोसामीन व सेलेकॉक्सिब ही प्रचलित औषधे दुसऱ्या बाजूस. चोवीस आठवडे ही औषधे चालली, आणि कोणाला काय दिले आहे हे रुग्णालाही ठाऊक नाही, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, वेदना कमी करण्यात वनस्पतींची औषधे प्रचलित औषधांच्या बरोबरीची ठरली. त्याच निबंधात, सात रुग्णांत, आणि तेही बहुतांशी वनस्पतींचे औषध घेणाऱ्यांत, यकृताच्या एका तपासणीचा आकडा वाढला आणि औषध थांबवल्यावर तो पूर्ववत झाला, हेही नमूद केलेले आहे. मला या निबंधाविषयी आदर वाटतो तो मुख्यतः त्या सात रुग्णांच्या उल्लेखामुळे. आपल्याच परंपरेच्या औषधाचा विजय सांगताना त्याचा दोषही त्याच पानावर लिहून ठेवणे, हा सचोटीचा जमाखर्च आहे, आणि बुलढाण्यात जे काही होईल ते याच मापाने व्हावे.

अर्धशिशीसाठी कोणती वनस्पती प्रथम घ्यावी, असे आपण विचाराल तर माझे उत्तर सुंठ असे आहे. इराणमध्ये शंभर रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुंठीच्या चूर्णाने दोन तासांत सुमात्रिप्टान या अर्धशिशीवरच्या प्रचलित औषधाच्या बरोबरीने वेदना कमी केली. परंतु त्या चाचणीत प्लासिबोचा गट नव्हता, आणि वर सांगितलेल्या तीस टक्क्यांचा विचार करता ती उणीव लहान नाही. ब्राझीलमध्ये नेहमीच्या वेदनाशामकाच्या जोडीला आल्याचा अर्क दिला असता झटका लवकर ओसरल्याचे आढळले. पण तिथल्याच दुसऱ्या चाचणीत झटके येऊच नयेत म्हणून तीन महिने रोज तो अर्क दिला, तेव्हा प्लासिबोहून अधिक गुण दिसला नाही. म्हणजे झटका आल्यावर सुंठ कदाचित उपयोगी आणि प्रतिबंधासाठी बहुधा निरुपयोगी, एवढ्यावर आज हा विषय येऊन ठेपलेला आहे. सुंठ स्वस्त आहे, तिची ओळख पटवावी लागत नाही, माणसे ती रोजच खातात, आणि अर्धशिशीतल्या मळमळीवर तिचा उपयोग होण्याचा संभवही आहे. ज्या संस्थेला असल्या कामाचा पहिला धडा गिरवायचा आहे तिने इथून सुरुवात करणे शहाणपणाचे होईल. निर्गुडीची पाळी त्यानंतर. तिच्या पानांच्या अर्काने उंदरांतील वेदना आणि सूज कमी होते असे प्रयोग प्रसिद्ध आहेत. पण उंदरापासून वेचणीहून परतलेल्या बाईपर्यंतचे अंतर अजून कापायचे आहे, आणि ज्या मुलुखात ती घरोघर वापरली जाते तिथल्याच महाविद्यालयाने ते कापावे हे न्यायाला धरून होईल.

मात्र चाचण्या सुरू होईपर्यंत थांबता येणार नाही असेही एक काम आहे, आणि ते मी सर्वांत निकडीचे मानतो. ते म्हणजे इजा थांबवणे. बिब्याचे तेल कातडीवर फोड उठवते, व्रण राहतो, कोणाच्या अंगावर सूज पसरते. ग्रंथोक्त वैद्यकातही त्याची शुद्धी केल्यावाचून तो देत नाहीत, आणि औषधविषयक नियमांच्या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत धोतऱ्याच्या पंक्तीला त्याचेही नाव आहे. धोतऱ्याच्या पानांचा लेप किंवा धूर दुखणे तात्पुरते बधिर करील, पण त्यातील ॲट्रोपिन आणि हायोसिन पोटात गेले तर माणूस बरळू लागतो आणि जिवावरही बेतते. देवडांगरीचा रस नाकात सोडल्याने आतली नाजूक त्वचा पोळून रक्त वाहू लागते. बाजारात वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या चूर्णांत स्टिरॉइड मिसळलेले सापडल्याची उदाहरणे या देशात पुनःपुन्हा घडलेली आहेत. असे चूर्ण पहिल्या दिवशी चमत्कार वाटावा इतका गुण देते, आणि वर्षभराने हाडे, रक्तातली साखर व मूत्रपिंडे त्याची किंमत मोजतात. तशीच, दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेली साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले पंधरा किंवा त्याहून अधिक दिवस घेत राहिले तर ती गोळीच नवी डोकेदुखी निर्माण करते, ही गोष्ट सुशिक्षितांनाही माहीत नसते. आणि अकस्मात उठलेली, आयुष्यात पूर्वी कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी, तापासह मान ताठणे, हात-पाय किंवा वाचा जाणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले डोके दुखणे, गरोदरपणात नजरेसमोर अंधारी येऊन उठलेले डोके, यांपैकी काहीही असेल तर कोणताही पाला न बांधता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे, एवढी चार ओळींची सूचना मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर आपल्या सहीने लागली, तर सुंठीच्या चाचणीआधीच काही जीव वाचतील. आशा कार्यकर्त्यांना ती तोंडपाठ असावी.

वनस्पतींच्या नोंदीविषयीही थोडे लिहिले पाहिजे. अकबराच्या कारकिर्दीत अबुल फझलने 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची हकीकत लिहिताना मेहकर सरकारातील लोणारची दखल घेतली आणि काच व साबण करण्यास लागणारे पदार्थ तिथे निघतात असे नोंदवून ठेवले. महसुलाला उपयोगी तेवढे दरबाराने टिपले. दुखण्याला उपयोगी ते टिपण्याचे काम कोणी अंगावर घेतले नाही. आज त्यासाठी कायद्याची तर्तूद आहे. जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी, असा दंडक आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिल्यावर देशभर या नोंदवह्या मोठ्या त्वरेने भरल्या गेल्या, आणि त्वरेने भरलेल्या वहीत झाडाचे नाव येते पण कोणते अंग, कोणत्या ऋतूत, किती मात्रेत, कोणासाठी वर्ज्य, हे येत नाही. आपले विद्यार्थी आणि गावची समिती एकत्र बसली तर ती वही खरोखर उपयोगाची होईल. प्रत्येक वनस्पतीचा वाळवलेला नमुना पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्राकडून ओळखून घ्यावा, कारण एकाच नावाने दोन तालुक्यांत दोन झाडे ओळखली जाणे हे आपल्याकडे नित्याचे आहे आणि औषधात अशा चुकीला क्षमा नसते. लागवडीसाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान जवळ आहे. लोणारच्या विवराचे रान मात्र अभयारण्य आहे, त्या सरोवराला २०२० साली रामसर स्थळाचा दर्जा मिळालेला आहे; तिथले एक रोपही उपटू नये. निर्गुडी ओढ्याकाठी मुबलक आहे. मागणी वाढल्यावर सर्पगंधा रानातून कशी ओरबाडली गेली, हे आठवणीत ठेवूनच कोणत्याही वनस्पतीची कीर्ती पसरवावी.

ज्ञान कोणाचे, हा प्रश्नही आरंभीच मिटवावा. हळदीच्या व्रणरोपक गुणावर अमेरिकेत १९९५ साली दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान देऊन १९९७ साली रद्द करविले, ते जुने लिखित पुरावे हाती होते म्हणून. ग्रंथांत नसलेले, केवळ एखाद्या बाईच्या किंवा गुराख्याच्या जिभेवर असलेले ज्ञान अशा प्रसंगी निराधार असते. आणि जैवविविधता कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटपातून सूट मिळाल्यानंतर तर ग्रंथबाह्य ज्ञानाच्या धन्याचे नाव दफ्तरी असणे अधिकच अगत्याचे झाले आहे. केरळातील काणी आदिवासींनी दाखवलेल्या आरोग्यपच्च वनस्पतीपासून तिथल्या वनस्पती संशोधन संस्थेने 'जीवनी' हे औषध सिद्ध केले, तेव्हा परवान्यापोटी आलेल्या रकमेचा निम्मा वाटा काणी समाजाला देण्याचे ठरले. त्या व्यवस्थेतही पुढे अडचणी आल्या, तरी तत्त्व योग्य होते. सांगणाऱ्याची लेखी संमती, त्याच्या नावाची समितीच्या दफ्तरी नोंद, आणि उद्या काही लाभ झालाच तर त्यातला वाटा गावाला, एवढे तीन कलमी करारपत्र पहिल्या भेटीपूर्वी तयार असावे.

सारांश मागणी अशी आहे. आपल्या बाह्यरुग्ण विभागात आठवड्यातून एक दिवस डोकेदुखीसाठी राखावा. येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मराठीत छापलेली तीन महिन्यांची रोजनिशी द्यावी, तीत झटक्याचा दिवस, अवधी, तीव्रता, घेतलेली गोळी आणि बांधलेला पाला यांचे रकाने असावेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी चित्रांचे रकाने असावेत, म्हणजे घरातले शाळकरी मूलही ते भरू शकेल. वर्षभराच्या रोजनिश्या हाती आल्या की सुंठीच्या चाचणीचा मसुदा नीती समितीपुढे ठेवावा, देशाच्या चाचणी-नोंदणीत तो आधीच नोंदवावा, आणि निष्कर्ष सुंठीच्या बाजूने लागो वा विरुद्ध, तो लपवू नये. चाचणीच्या काळात रुग्णाचे प्रचलित औषध कोणत्याही सबबीखाली बंद करू नये. निष्कर्षाची एक प्रत सोप्या मराठीत त्या सर्व गावांना मिळावी जिथल्या बायकांनी त्या रोजनिश्या भरल्या.

सुलतानपूर आणि आसपासच्या गावांत ज्या घरांतून हे उपाय आजही चालतात, तिथल्या वडीलधाऱ्या स्त्रियांशी बोलण्याची तजवीज मी आणि माझे काही स्नेही करू शकू; वेचणीचे दिवस टाळून, उन्हाळ्याच्या तोंडाशी आपली माणसे आली तर त्यांना सवड असेल आणि निर्गुडीही ओळखण्याजोगी असेल. या पत्राची एक प्रत महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर, यांच्याकडे आणि दुसरी आमच्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे रवाना करीत आहे. आपल्या सोयीची तारीख कळवावी, ही विनंती.

आपला नम्र,
सुलतानपूरचा एक रहिवासी